शर्यतीचं जेट

१२ जानेवारी १९३५, अमरावती

पुन्हा तेच! कोर्टात जाताना गाडी गावातून खोकत जाते, काळा धूर सोडते, अंबागेटपाशी माणसं नाकाला धोतर लावतात. आणि बडनेरा रोडवर मूठ पूर्ण पिळावी, तर शिंका देऊन दम सोडते.

अकोल्याच्या महादेवरावांकडे दोन मोटरसायकली आहेत — एक कोर्टाला, एक शर्यतीला. माझी एकच. एकाच कार्बुरेटरला दोन संसार करायला लावायचे! १० फेब्रुवारीला मूर्तिजापूर ते अकोला शर्यत. गेल्या वर्षी ते पहिले, मी दुसरा. बाररूममध्ये अजून मला 'दुसरे वकील' म्हणतात.

१५ जानेवारी

सहदेव मिस्त्री आला. बापाचा फुलांचा मळा सोडून मोटरींच्या नादी लागलेला माणूस. अंगणात कार्बुरेटर खोलून बसला. "वकीलसाहेब, अर्धी मूठ पिळली त सुई पेट्रोल देते, पुरी पिळली त जेटाचं भोक देते. सुई गावासाठी, जेट शर्यतीसाठी. तुमी दोघायले एकाच कामाले लावून राहिले!" मला ठाऊक होतं. पुस्तकात वाचलं आहे मी.

तारा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "सुई एक खाच खाली घ्या. घसा भरल्यासारखं वाजतंय." सहदेवने घेतली. पेट्रोल कमी झालं, खोकला बंद!

मी हसलो. बायकोचं कौतुक करायचं असतं.

१९ जानेवारी

सहदेव आता माझ्याकडे बघतही नाही. "वयनी, आता आयका बरं." आणि ती ऐकते! सासरे अकोल्याला कापसाच्या जिनमध्ये मॅनेजर होते, घर इंजिनघराला लागून. पट्टा सैल झाला की हिला म्हणे झोपेत कळायचं. तीन वर्षं झाली लग्नाला, मला कधी बोलली नाही. विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही कुठे विचारलं?"

२० जानेवारी

लिहूनच टाकतो. मला हेवा वाटतो. महादेवरावांचा वाटतोच, तो जुना आहे. हा नवा — बायकोचा!

२७ जानेवारी

चांदूर बाजारच्या रस्त्यावर चाचणी. ताराच्या सांगण्यावरून मोठ्या भोकाचं जेट घातलं, सुई मात्र खालीच ठेवली. ती आणि सहदेव निंबाखाली उभे. मी मूठ पिळून त्यांच्यापुढून गेलो, इंजिन तिथल्या तिथे बंद केलं. सहदेवने प्लग काढला — चहासारखा तांबूस! ना जास्त पेट्रोलने काळा, ना कमीने पांढरा. "असा पलग म्या आजवर नाई पायला! वयनी, तुमचा कान देवाचा हाय!"

गाडी कोण चालवत होतं? त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

परत येताना गावातून गाडी रवंथ करणाऱ्या गाईसारखी शांत चालली. इतकी चांगली कधीच चालली नव्हती. मला मात्र ती परक्याची वाटली.

३ फेब्रुवारी

मोरोपंत वकील आज सकाळी घरी येऊन चार जणांसमोर म्हणाले, "ऐकलं ते खरं का? गाडी वहिनी लावतात, तुम्ही नुसते वर बसता?" सगळे हसले. मीही हसलो!

हरलो तर दुसरा वकील. जिंकलो तर ताराचा नवरा.

जेवताना ती म्हणाली, "थंडी ओसरली की एकदा परत ऐकायला हवं." मी म्हटलं, "तू वरणाकडे बघ." वरण चांगलं झालं होतं.

१० फेब्रुवारी, अकोला, सासुरवाडी

तारा आणि सहदेव रेल्वेने पुढे अकोल्याला. मी मूर्तिजापूरला एकटा. सुरुवातीच्या रेषेकडे जाताना महादेवराव म्हणाले, "वहिनींना विचारून आलात ना?"

डोकं फिरलं. गाडी झाडामागे नेली, तिचं मोठं जेट काढलं, हत्यारांच्या पिशवीतलं माझं रोजचं लहान घातलं. जिंकेन तर माझ्या जेटावर!

सुई खाली, त्यात जेटही लहान. इंजिनाला पेट्रोल मिळणार कुठून? हे मला कळत होतं. कळत होतं तरी घातलं.

कुरणखेडपर्यंत मी पहिला होतो. पहिला! मग इंजिन तापून किंचाळलं, पिस्टन जाम, चाक जाम, मी धुळीत. गुडघा सोलला. महादेवराव पुढे गेले, वळूनही बघितलं नाही.

बैलगाडीतून गाडी अकोल्याला आणली. वाटेत गाडीवान पाणी प्यायला उतरला. तेवढ्यात मी मोठं जेट परत बसवलं.

११ फेब्रुवारी

सहदेवने सासऱ्यांच्या अंगणात सगळं खोललं. प्लग पांढराफटक. जेट हातात घेऊन किती वेळ बघत बसला. "जेट त मोठंच हाय. मंग जळलं काहून?" ताराने जेट हातात घेऊन पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दुपारी जेवली नाही.

अमरावतीला पोचलो की सांगेन.

१४ फेब्रुवारी, अमरावती

सांगितलं नाही.

मोरोपंतांनी आपली मोटर सहदेवकडून काढून घेतली. आणखी दोघे काढणार म्हणतात. बाररूममध्ये सगळे माझी विचारपूस करतात. "बायकोच्या कानावर विसंबलात, दुसरं काय होणार!" आता कोणी 'दुसरे वकील' म्हणत नाही. लाज वाटते. पण बरंही वाटतं — हे इथेच लिहितो.

१७ फेब्रुवारी

सहदेव हत्यारांची पेटी न्यायला आला होता. तारा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "भाऊ, तुमची काही चूक नाही. माझाच कान चुकला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हो ना?"

मी म्हटलं, "हो."