सातव्या प्रकरणातलं अत्तर

२ फेब्रुवारी, सोमवार
नवं काम आलं. चार शंभरपानी वह्या. रुबीना, वय एकतीस, कागल एमआयडीसीत फौंड्रीत तपासणीवर. मी टाइप करता करताच तपासायचं. मालकांनी (आमचे प्रकाशक, वयाने माझ्या मुलाएवढे) पहिली दोन प्रकरणं वाचूनच पुस्तक घेतलंय. सोबत नियमांचं एक पान. बोली शुद्ध करायची नाही. घरातले शब्द बदलायचे नाहीत. शंका आली तर लेखिकेला विचारायचं. "काकू, तिचा आवाज तसाच राहिला पाहिजे."
पंचवीस वर्षं 'हाय'चं 'आहे' करत आले. आता त्याला आवाज म्हणतात. बरं.

४ फेब्रु., बुधवार
तीन प्रकरणं झाली. चांगलं लिहिते. नको तितकं चांगलं. मधेच अम्मीची हिंदी, मधेच कामावरच्या बायकांच्या शिव्या, आणि कुठे अडत नाही. शेंगदाण्याच्या वड्या करताना डोक्यात तिचीच वाक्यं. पाक पुढे गेला. वड्या दगड.

७ फेब्रु., शनिवार
माझा एकुलता एक कथासंग्रह कपाटातून काढला. मी बिद्रीची, गोष्टी बिद्रीच्या, आणि त्यातल्या बायका बोलतात मात्र सदाशिव पेठेतल्यासारख्या. तेव्हाच्या संपादक सरांनी पान न् पान लाल केलं होतं. मी त्यांना पेढे नेऊन दिले. आईला वाचून दाखवलं तेव्हा म्हणाली, "चांगलं हाय की. कुणाचं हाय?"
मला कुणी विचारलं नव्हतं तुझा आवाज कुठला म्हणून. हिच्यासाठी नियमांचं अख्खं पान छापलंय. जळते मी तिच्यावर. इथे तरी खरं लिहावं.

१० फेब्रु., मंगळवार
सातवं प्रकरण. तिचे अब्बा वारले त्याचं. वहीत एवढंच: "अब्बा गेले. गॅसवरचं दूध उतू गेलं ते कुणी पुसलं न्हाय." पुढे थेट दुसऱ्या दिवशीची शिफ्ट.
इतक्या थोडक्यात कसं जमतं हिला?
हात चालवला. संध्याकाळ घातली, लांबून अजान, उशीला अत्तराचा वास. दुधाची ओळ काढून टाकली. 'न्हाय' सगळे गेले. दोन तास लागले. बरं वाटलं. हे लिहायला नको होतं.

१३ फेब्रु., शुक्रवार
मालकांचा फोन. "सातवं कमाल आहे काकू. इथं पोरगी खरी फुललीय. पेपरच्या पुरवणीला हेच देतो, शुक्रवारी सकाळी पान जाईल." पुढच्या शुक्रवारी.
माझ्या वाक्यांचं एवढं कौतुक जन्मात झालं नाही. झालं ते हिच्या नावावर. आता बोलायचीही सोय नाही.

१६ फेब्रु., सोमवार
फौंड्रीला सुट्टी, म्हणून रुबीना मंगळवार पेठेत माझ्या घरी आली. नियम आहे, लेखिकेला मोठ्याने वाचून दाखवायचं. आधी तिचं काम विचारलं. "कास्टिंगवर हातोडी मारायची. खणखणीत वाजलं तर पास. बद्द वाजलं तर आत भेग हाय. डोळ्यांनी न्हाय दिसत, ताई. कान लागतोय."
सहा प्रकरणं डोळे मिटून ऐकली. सातव्याला डोळे उघडले. मी वाचत राहिले, काय करणार.
मग म्हणाली, "ह्यात अत्तर कुठनं आलं? अब्बांच्या अंगाला ग्रीसचा वास. बद्द वाजतंय हे."
मी पान उलटलं. तीच पुढे म्हणाली, "चार वर्सं झाली लिवून, परत उघडलं न्हाय. तवा डोकं ठिकाणावर नव्हतं. कुणाचं तरी वाचलेलं उतरवलं असंल मी. शरम वाटाय लागलीया."
वही मागच्या कपाटात होती. मी म्हटलं, चहा टाकते.

१७ फेब्रु., मंगळवार
रु.ने मालकांना सांगितलं, सातवं काढून टाका, पुस्तकातूनच. अब्बांचंच प्रकरण. मालक मला म्हणतात, "समजवा तिला काकू. तुमचं ऐकते ती."

१८ फेब्रु., बुधवार
वही काढली. स्वयंपाकघरात ती दुधाची ओळ मोठ्याने वाचली. अजून जळते तिच्यावर. असं एक वाक्य मला आलं असतं तर आईने विचारलं नसतं, कुणाचं हाय.
रु.ला फोन केला. वही द्यायला उद्या कागलला येते म्हटलं.
"कशाला तरास, ताई? सोमवारी मीच येतो की."
सोमवारपर्यंत पान छापून झालेलं असेल. म्हटलं, नाही, उद्याच.
"काय काम हाय?"
"भेटल्यावर सांगते."
मालकांना अजून काही बोलले नाही. आधी तिला. तिच्यासमोर तोंड उघडेल की नाही, माहीत नाही. काय बोलायचं ते कागदावर लिहून बघितलं. तीनदा. तिन्ही वेळा फार छान जमलं. तिन्ही फाडून टाकले.
वही पिशवीत भरलीय. सकाळी नवाची गाडी आहे.