पुढे सरकलेली सीट

प्रिय लंब्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी दचकशील आणि मग कोण गेलं म्हणून घाईघाईने पाकीट फाडशील. कुणी गेलेलं नाही. माझं बरं चाललंय, गुडघे सोडले तर. चष्म्याच्या दुकानात अजून बसते, लोकांचे डोळे तपासते, आणि गिऱ्हाईक म्हणालं की मला सगळं नीट दिसतं, तर त्याच्यावर अजिबात विश्वास ठेवत नाही. त्या बाबतीत मी होते तशीच आहे. इतकी वर्षं तुझ्याशी बोलले नाही ते रागाने, हे तुला माहीत आहे. ज्याच्या हातून माझा नवरा गेला त्याला, सख्खा भाऊ असला तरी, मी घरात कशी घेणार होते? आज लिहितेय तेही रागानेच, पण हा राग वेगळा आहे. तो सांगायला मला जरा मागून यावं लागेल, तेव्हा मधलं टाळून शेवटाकडे उडी मारू नकोस. गोष्टीच्या पुस्तकांचं तू लहानपणी तेच करायचास.

महिन्याभरापूर्वी दुकानात एक माणूस आला. पस्तिशीचा असेल, दाढी राखलेली, बोटांना रंग लागलेला. चष्मा बघायचाय म्हणाला, पण एकही फ्रेम नाकावर चढवून पाहिली नाही, नुसता माझ्याकडे बघत उभा. माझ्या मनात लगेच शंकेची पाल चुकचुकली. आधी वाटलं विमा विकणारा, मग वाटलं कुणीतरी दुकानाच्या जागेवर डोळा ठेवून आलंय. शेवटी एकदाचा बोलला. तो छोट्या गाड्या बनवतो. खेळणी नव्हेत, असं त्याने पुन्हा पुन्हा बजावलं. शर्यतीत धावलेल्या खऱ्या गाड्यांची मापं घ्यायची, साच्यात धातू ओतायचा आणि दोन तळहातांवर मावेल एवढी हुबेहूब गाडी काढायची. त्या विकत घेऊन काचेच्या कपाटात ठेवणारे मोठमोठे बाप्ये जगभर आहेत म्हणे. त्याला आता तुमची गाडी करायची होती. तुमची म्हणतेय, कारण ती तुझी आणि ह्यांची होती. माझ्या वाट्याला फक्त त्या गाडीतून आलेले मळके कपडे यायचे.

त्या कारागिराला गाडीचं सगळं माहीत. पहिल्या वर्षी गिअरबॉक्सने दगा दिला, एक रिव्हर्स तेवढा पडत होता, तर तुम्ही शेवटचा घाट उलटे चढून आलात आणि तरी शेवटचाच नंबर आला. हे मागच्या काचेकडे तोंड करून गुडघ्यांवर बसले होते आणि कागदावर टिपलेली पुढची वळणं तुला उलटी वाचून दाखवत होते. दुसऱ्या वर्षी तिसरे. तिसऱ्या वर्षी डोंगराच्या रॅलीत दगड लागून पुढची काच फुटली, तर उरलीसुरली काच लाथेने पाडून तसेच पुढे गेलात आणि जिंकलात. पेपरातल्या फोटोत तुम्हा दोघांचे फक्त दात दिसत होते. त्याला तीच गाडी बनवायची होती, पांढरी, लाल पट्ट्याची, चिखलाने माखलेली आणि बिनकाचेची. काच नाही म्हटल्यावर आतलं सगळं उघडं दिसणार, म्हणून सीट, पट्टे, गिअरचा दांडा, सगळं खऱ्यासारखं हवं. मी त्याला सरळ विचारलं, तुला माझ्या भावाने पाठवलं का? तर म्हणे, भेटायला गेलो होतो, पण गाडीचं नाव काढताच त्यांनी दार लावून घेतलं. गाडीचं काम बघायचा त्या मिस्त्रीने मात्र शेड उघडून गाडी दाखवली. तू दार लावतोस आणि तुझा जन्माचा दोस्त शेड उघडतो, हे काही मला पटेना. कुठेतरी पाणी मुरत होतं.

माझ्याकडे तो आला होता खोक्यासाठी. खोक्याच्या मागच्या बाजूला गाडीचा इतिहास छापायचा असतो, आणि गेलेल्या माणसाच्या घरच्यांना विचारल्याशिवाय आपण काही छापत नाही म्हणाला. मजकूर वाचून दाखवला. सगळं छान छान, आणि शेवटी एक ओळ. चौथ्या वर्षी, शर्यतीच्या दोन टप्प्यांच्या मधल्या, वेळ न मोजल्या जाणाऱ्या साध्या रस्त्यावर, चालकाला डुलकी लागून गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली, सहचालक जागीच गेला आणि गाडी कायमची थांबली. रॅली क्लबच्या चौकशीत तूच सांगितलं होतंस ते. मी म्हटलं, बरोबर आहे, छाप. लपवत नाही, तुझी चूक कुठल्या कुठल्या कपाटांत जाऊन बसणार याचं मला त्या क्षणी बरंच वाटलं. पण तो म्हणाला, घाई नको, आधी नमुना बघा, मग सांगा.

नमुना आठवड्याने आला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून काउंटरवर ठेवून भिंग घेऊन बसले. चाकांवरचा चिखलसुद्धा खरा वाटत होता. ह्यांच्या बाजूच्या दाराला तो पोचा होता, जो तू फाटक उघडायच्या आधीच गाडी काढलीस तेव्हा पडला होता. मी भिंग आत नेलं आणि थांबले. चालवणाऱ्याची सीट पुढे होती. थोडीथोडकी नव्हे, स्टिअरिंगला पोट टेकेल इतकी पुढे. लंब्या, तुझे गुडघे! तुझ्यासाठी मिस्त्रीने सीटच्या पट्ट्यांना मागे आणखी भोकं पाडली होती, तरी तू त्या गाडीत घडी घालून ठेवलेल्या खुर्चीसारखा बसायचास. आणि शेजारची, ह्यांची सीट? ती पार मागे. माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसले तर ज्यांचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत, त्या माणसाची सीट मागे!

मला वाटलं पोराने ढिलाई केली. फोन लावला, चांगलं झापलं, म्हटलं हुबेहूब हुबेहूब म्हणतोस आणि साध्या दोन सीटा तुला धड लावता येत नाहीत. तो म्हणाला, "उलट मीच तुम्हाला विचारणार होतो. तुमचे भाऊ तर एवढे उंच, मग सीट इतकी पुढे कशी? मी मनाने काही करत नाही, गाडीत आहे तसंच केलंय." मी फोन ठेवला. हातातलं भिंग कुठे ठेवलं ते नंतर दिवसभर सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मिस्त्रीच्या शेडवर गेले. मला दारात बघून त्याचा चेहरा असा पडला, की मी निम्मं तिथेच ओळखलं. ताडपत्री त्याने काढली, पण गाडीकडे बघेना, पान्हे पुसत बसला. मी सीट ढकलून पाहिली. जागची हलली नाही. खालचा पत्रा आदळल्यावर वर उचलला गेलाय आणि सीटच्या पट्ट्या त्यात चेमटून बसल्यात. म्हणजे नंतर कुणी सरकवली असं म्हणायलाही जागा नाही. मी आत बसले, या गुडघ्यांसकट. माझी आणि ह्यांची उंची सारखी, तुला माहीतच आहे, तू आम्हाला मीठ-मिरपुडीच्या बाटल्या म्हणायचास. माझे पाय बरोबर पेडलवर गेले. मिस्त्रीला विचारलं, तुला काय काय माहीत आहे? तो ताकास तूर लागू देईना. शेवटी एवढंच बोलला, "ताई, मी सीट हलवलेली नाही. लंब्या म्हणाला होता, गाडीला कुणाचा हात लागता कामा नये." मग तो बाहेर जाऊन उभा राहिला आणि मी किती तरी वेळ तिथेच बसून होते.

आता तुला आठवतं का बघ. अपघाताच्या आदल्या वर्षी मी ह्यांचे डोळे तपासले होते. समोरचं बारीक अक्षरसुद्धा वाचत होते, पण बाजूचं काही दिसत नव्हतं, नळीतून बघावं तसं. डाव्या-उजव्या बाजूला मी बोट हलवायचे आणि हे मख्खासारखे समोर बघत बसायचे. क्लबला कळलं तर बाहेर काढतील म्हणून ह्यांनी किती विनवण्या केल्या. वळणं वाचायला मांडीवरचा कागद दिसला म्हणजे झालं, असं त्यांचं म्हणणं. मी कबूल झाले ते एकाच अटीवर, आणि काउंटरसमोर दोघांना उभं करून वदवून घेतलं की स्टिअरिंग ह्यांच्या हातात कधीही जाणार नाही, अंगणातली गाडी बाजूला घ्यायला सुद्धा नाही. तू हात वर करून हसत शपथ घेतलीस. म्हणजे तुला माहीत होतं.

पुढचं मी जुळवलंय, चुकलं तर सांग. साध्या रस्त्यावर सहचालकाने गाडी चालवायची आणि चालकाने झोप काढायची, हे सगळेच करतात, असं कारागीर म्हणाला. त्या खेपेला तू अंगात ताप घेऊन गेला होतास. डोळे उघडे राहत नसतील. मग हेच म्हणाले असतील, झोप रे जरा, रस्ता सरळ आहे, ताईला कोण सांगायला जातंय. त्यांचा आवाज मला इथे बसून ऐकू येतो. बाजूच्या रस्त्याने काही आलं का, लंब्या? ट्रक, बैलगाडी, सायकल? सगळ्यांना दिसलं असतं आणि ह्यांनाच दिसलं नाही, असं काही? तू जागा झालास तेव्हा सगळं होऊन गेलं होतं ना? मग तू त्यांना बाहेर काढलंस, रस्त्यावर आडवं ठेवलंस, आणि लोक जमेपर्यंत काय बोलायचं ते ठरवूनही मोकळा झालास.

मी पहिल्यांदा काय केलं सांगू? त्या गाडीत बसून ह्यांच्यावर ओरडले. गेलेल्या माणसाला, मोठ्याने, नाही नाही ते बोलले. माझ्यासमोर उभं राहून शब्द दिला आणि पाठ फिरताच मोडला. आणि मग तुझ्यावर संशय आला, तो अजून गेलेला नाही. तू त्यांना वाचवत होतास की स्वतःला? ताप असताना त्यांच्या हाती गाडी दिलीस हे मला कळू नये, म्हणून तर नाही? पण स्वतःला वाचवणारा माणूस सगळा दोष अंगावर कशाला घेईल? तुझं लायसन गेलं, लग्न ठरलं होतं ते मोडलं, मी दार बंद केलं, आणि तू आता गोदामात माल मोजतोस आणि सायकलवर फिरतोस, असं माझी लेक कुणाकडून तरी ऐकल्याचं दाखवत सांगते. ती तुला चोरून भेटते हे मला ठाऊक आहे, डोळे माझे चांगले आहेत. बरं, मग गाडी का ठेवलीस तशीच? भंगारात घातली असतीस तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मला एक दिवस सापडावी म्हणून ठेवलीस का? आणि मिस्त्रीने शेड उघडली ती तुला न विचारता, हे मी खरं मानू?

माझा राग हा आहे. नवरा गेलेली बाई म्हणून मी जगेन, पण नवरा खोटं बोलला हे मला झेपणार नाही, असं तू परस्पर ठरवलंस. मला काय काचेची समजलास? भाऊ एवढा वाईट, हे मात्र मला झेपेल, असं कसं ठरवलंस रे? मी ह्यांच्यासाठी रडायचे आणि तुझ्यासाठी रडायला यायचं तेव्हा स्वतःला चापट मारून गप्प बसवायचे. तुझी आठवण यायची तीसुद्धा मला गुन्ह्यासारखी वाटायची. हे सगळं तू माझ्यावर लादलंस आणि वर त्याला माया म्हणत असशील. असली माया घरी ठेव.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. रविवारी सकाळी तो कारागीर खोक्याच्या मजकुरासाठी घरी येणार आहे. मी त्याला सांगणार आहे की ती शेवटची ओळ खोटी आहे. डुलकी नव्हती, स्टिअरिंग माझ्या नवऱ्याच्या हातात होतं, त्याला बाजूचं दिसत नव्हतं, आणि त्याच्या बायकोने त्याला चालवू नको म्हणून बजावलं होतं. सगळं छाप म्हणणार आहे. तू हे वाचून उठून उभा राहशील आणि नको नको म्हणशील, दाजींचं नाव खराब होईल म्हणशील, हे मला माहीत आहे. तेव्हा ऐक. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. पत्र पाठवू नकोस, मी फोडणार नाही. मिस्त्रीला किंवा माझ्या लेकीला मध्ये घालू नकोस. मला अडवायचं असेल तर रविवारी तो यायच्या आत स्वतः ये, माझ्यासमोर उभा राहा आणि म्हण, ताई, गप्प बस.

संशयी असली तरी तुझीच,
ताई