मोटारीच्या कपाळावर तांब्याभर पाणी

वैशाख शुद्ध सप्तमी, शके १८५८

देशमुखाच्या मोटारीची काच फुटली. माझ्या हातानं फुटली. आणि हे फक्त ह्या वहीला सांगायले. नात कमलच्या वहीची मागली पानं हायत. तिला वाचता येतं, पण माझं अक्षर कुणालाच लागत न्हाई. बरंच हाय!

झालं ते असं. माझा लेक हणमंता आप्पाराव देशमुखाची मोटार चालवतो. तांबडी मोटार, दोघंच बसतात, वर छत न्हाई, पळते मात्र उधळल्या खोंडासारखी. एवढा पैसा घालून दोनच माणसं! आमच्या बैलगाडीत अकरा जातात. औरादच्या रस्त्यावर नवी खडी टाकलीय. परवा एका लॉरीच्या चाकाखालून दगड उडाला नि मोटारीच्या समोरच्या काचेला लागला. जवारीच्या दाण्याएवढा टवका गेला. देशमुखानं बघितलं, म्हणाला, "असू दे."

आज भर दुपारी हणमंता मोटार घेऊनच घरी आला, भाकरी खायला. मोटार आमच्या दारात पहिल्यांदाच. शेजारची राजूबाई म्हणाली, "अक्का, नवं जनावर दारात आलंय, पाणी घालीनास?"

खरंच की! गाय आणली, बैल आणला, सून आणली, सगळ्यांच्या पायावर पाणी घातलंय मी. रांजणातलं गार पाणी तांब्यात घेतले, चारी चाकांवर वतले. मग कपाळावर. मोटारीचं कपाळ म्हंजे काच. उन्हानं तव्यासारखी तापलेली.

टक्!

टवक्यापासून तडा निघाला, पार दुसऱ्या टोकाला गेला. राजूबाई अशी पळाली की चप्पल आमच्याच दारात राहिली. हणमंता खरकट्या हातानं बाहेर आला. "दगडाचा टवका पसरला की गं माय!"

मी तांब्या पदराआड लपवले. जन्मात पहिल्यांदा.

अष्टमी

देशमुख भडकलाय. म्हणाला, "लॉरीच्या मागं चिकटून पळवतोस, म्हणून दगड लागतात. हैदराबादेहून मिस्त्री काच घेऊन येणाराय. त्यानं बघून सांगू दे. दगडानंच फुटली असंल तर तुझा हिशेब झाला. दुसरा डायव्हर बघतो."

हणमंता जेवताना म्हणाला, "मी चिकटून नव्हतो माय. दोन शेतांचं अंतर ठेवून होतो."

मी म्हणाले, "जेव."

सांगावं तर मोटार घरी कामून नेलीस, हा नवा गुन्हा. न सांगावं तर दगडाचा गुन्हा. दोन्हीकडून त्याचीच मान अडकलीय, नि अडकवणारी मी.

दशमी

सून म्हणाली, "आत्याबाई, ताप आलाय का? सकाळपासून कुणाला शिवी न्हाई."

एकादशी

देशमुखाला रोज बिदरला जायचंय, मोटारीवाचून चालत न्हाई. म्हणून हणमंता तडकलेल्या काचेची चौकट पुढं आडवी पाडून चालवायलाय. समोरून वारा, माती, किडे, सगळं थेट तोंडावर. आज आला तो डोळे मिरचीसारखे लाल. एका डोळ्यात खडीचा बारीक कण, बुबुळाच्या अगदी काठाला. पदराच्या टोकानं काढले. गावातली निम्मी पोरं ह्या हातांवर जन्मली, पण एवढं जपून कधी काम केलं न्हाई.

"दुखायलंय का रे?"

"न्हाई."

खोटारडा. माझ्यावर गेलाय.

पुरे झालं. मिस्त्री आला की सांगणार.

वद्य प्रतिपदा

सांगितले!

मिस्त्री महबूबसाब रेल्वेनं बिदरला आला, तिथून बैलगाडीनं इथं. काच लाकडी पेटीत, भोवती गवत. बाळंतिणीलासुद्धा इतकं जपून आणत न्हाईत. मी देशमुखाच्या मोटारखान्यात जाऊन खांबाला टेकून उभी राहिले. कुणी हाकललं न्हाई.

मिस्त्रीनं तड्यावर बोट फिरवलं, टवका बघितला, चष्मा वर केला. "ये पत्थर से नै फूटा साब. पत्थर से सिर्फ टवका गया. गरम काच पो ठंडा पानी पड्या, उससे फूटा. कौन डाला?"

मी तोंड उघडायच्या आत हणमंता म्हणाला, "मीच वतलो मालक. धुताना."

म्हंजे ह्याला ठाव होतं! पहिल्या दिवसापासून! ओला तांब्या बघितला असणार, नि आठ दिवस गप्प बसला मेला.

मी पुढं झाले. "खोटं बोलायलाय त्यो. मी वतले. आमच्या दारात."

देशमुखाच्या कपाळाची शीर उठली. "तुमच्या दारात? मोटार घरी कामून गेली?"

"भाकरी खायला. तुम्ही सकाळधरनं उपाशी पळवता म्हणून."

"आणि पाणी?"

"दारात नवं आलं की पायावर पाणी घालतात. तुमची मोटार बैलापेक्षा नाजूक हाय हे मला कुणी सांगितलं? तांब्याभर पाण्यानं कपाळ फुटतं ते जनावर घ्यावं कशाला माणसानं?"

हणमंतानं डोळे मिटले. मिस्त्री आधी हसला. "साब, हमारी अम्मा होती तो वो बी येइच करती!" मग देशमुखाच्या मिशा हलल्या. म्हणाला, "हणमंता ऱ्हाईल. म्हातारीनं मात्र मोटारीपासून दहा हात लांब थांबायचं."

दहा कशाला, वीस थांबते!

पोटभर जेवले आज. सुनेला दोनदा शिव्या दिल्या. ती खुशाल हसायली.

वद्य तृतीया

काच बसली. चौकटीत रबराची पट्टी, चार स्क्रू, एवढंच काम, नि दोन दिवस लावले. नवी काच दुपदरी हाय म्हणं. दोन काचा, मधी चिकट पडदा. एक धड करता येईना म्हणून दोन!

मिस्त्री म्हणाला, रस्ता खडीचा हाय तोवर पुढं तारेची जाळी लावा. हणमंतानं लगेच बसवली. देशमुख म्हणाला, "मोटारीला खुराडं कामून लावलास?" काढायला लावली. मोठ्या माणसांना काच दिसली पाहिजे, रस्ता दिसो न दिसो.

ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी

दुपारी देशमुख पायी आला. एकटाच. ओसरीवर बसला, पाणी मागितलं. दोन पेले एका दमात प्याला.

आज बिदरच्या उतारावर समोरून लॉरी आली. मुठीएवढा दगड उडून हणमंताच्या तोंडासमोरच काचेवर बसला. काच सगळी कोळ्याच्या जाळ्यासारखी झाली, पण जागची हलली न्हाई. आत एक तुकडा पडला न्हाई.

देशमुख म्हणाला, "अक्का, ती जुनी काच असती तर—" नि माझ्या तांब्याकडं बघायला लागला.

हणमंता आत झोपलाय. गालावर ओरखडासुद्धा न्हाई.