राखेचा डाव

शिरड शहापूर,
भाद्रपद वद्य पंचमी

प्रिय शंकरसिंग,

तुझं कार्ड काल पोचलं. असला मजकूर कार्डावर लिहितात का रे? टपालवाल्यानं माझ्याआधी वाचला. ओसरीची पायरी चढता चढताच म्हणाला, "जमादारसाहेब दसऱ्याला येत न्हाईत म्हणं. डाग्दरनं चिरूट बंद केला म्हणं." मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. कार्ड कोनाड्यात उभं केलं आणि दिवसभर त्याच्याकडे पाठ करून बसलो. चैत्रात तुझी लेक जिवनबाई तुला अकोल्याला आपल्या घरी घेऊन गेली, तेव्हा छकड्यात बसताना काय बोलला होतास? दसऱ्याला येतो, तोवर चिरुटांची पेटी सांभाळ. आणि आता लिहितोस, चिरूटच सुटला तर शिरडला येऊन काय करू, माझ्या वाट्याचे तूच ओढून टाक. वा रे वा! इतकी वर्षं रोज दिवस कलला की माझ्या शेजारी येऊन बसलास, ते काय नुसत्या धुरासाठी? मला राग आला आहे आणि तो तुला बराबर कळावा म्हणून पाकिटातून लिहून राहिलो.

तरी आधी पेटीची खबर देतो, नाहीतर तू पुढचं वाचायचा नाहीस. पेटी ठणठणीत आहे. हिंगोलीची छावणी मोडली तेव्हा त्या गोऱ्या साहेबानं तुझ्या वडिलांना रिसाल्यातल्या चाकरीची आठवण म्हणून दिलेली ही देवदाराची पेटी, तिला माझ्या हयातीत काही होऊ देणार नाही. औंदा उन्हाळा भलता तापला. लाकूड तडकेल अशी धास्ती होती. मी ती उचलून रांजणाच्या माचणीखाली गारव्याला ठेवली आणि आतला विटेचा तुकडा रोज सकाळी ओला करून राहिलो. पाणी जास्त झालं तर बुरशी, कमी झालं तर पान चुरतं, तुझ्याकडूनच शिकलो. अजूनही एकेक चिरूट काढून कानाशी धरतो आणि बोटांत फिरवतो. कुरकुरला तर सुकला, गप राहिला तर बरा. सगळे गप आहेत. त्रिचनापल्लीचे थोडे उरलेत, आणि ते लांबडे, काळसर, ब्रह्मदेशचे, ते तर आता मिळायचेच नाहीत. तिकडे जपानी येऊन बसलाय. झाकण उघडलं की अजून तोच वास येतो, गुळाच्या काकवीचा आणि नव्या लाकडाचा. मी रोज उघडतो. खोटं काहून सांगू, कधी कधी दोनदा उघडतो.

पितळी राखदाणीही घासूनपुसून ठेवली आहे, कळमनुरीच्या बाजारात तांबटाकडून जुन्या समईच्या ताटलीची करून घेतलेली. साहेबाची ती इवलीशी पोलादी कातर मात्र बोथट ती बोथटच. मला आठवतं, पहिल्या दिवशी तिनं चिरुटाचं टोक कापायला गेलास आणि पान उसवून बसलास. मी उठलो, आमच्या मंजुळेच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता आणला आणि कट्ट दिशी टोक उडवलं. तू मिशीला हात लावून म्हणालास की साहेब लोकांना ही अक्कल सुचली नाही. त्या दिवसापासून अडकित्ता आपला झाला. मंजुळा महिनाभर बोंबलत होती, सुपारीला तंबाखूचा वास येतो म्हणून. शेवटी आखाडा बाळापूरच्या बाजारातून तिला नवा अडकित्ता आणून दिला, तर तिनं जुनाच परत मागितला, कारण नव्याला धार नव्हती. आपण काही दिला नाही.

आणि तो कडुलिंबाचा पराक्रम? पेटीत बारके किडे झाले होते, पानांना सुईएवढी भोकं पडली होती. आपण दोघं डोक्याला हात लावून बसलो. मंजुळेनं ते पाहिलं, आणि आपण औंढ्याला गेलो असताना ज्वारीच्या कणगीत घालतात तसा वाळवलेला कडुलिंबाचा पाला पेटीत दाबून भरला. वर झाकणावर एक वरवंटा. आपल्याला पत्ता नाही. पुढच्या आठवड्यात पेटवला आणि पहिल्याच झुरक्याला दोघांची तोंडं वाकडी. मी ओरडलो तर ती चुलीपासून न हलता म्हणाली, "काहून बोंबलून राहिले? किडा मेला का न्हाई? ज्वारीला चालतो तो पाला, तुमच्या काडीला काहून चालत न्हाई?" तू म्हणालास, "भाभी, ज्वारी आमी ओढत न्हाई." पण बोललास तेवढंच. डोळ्यांतून पाणी गळत असतानाही तू तो कडूजहर चिरूट शेवटपर्यंत ओढलास, आणि वर पोटाला बरा असतो म्हणून तिला सांगितलंस. ती किती खूश झाली! त्यातला एक मी अजून राखून ठेवला आहे. पेटीच्या कोपऱ्यात, वेगळा, फडक्यात गुंडाळून.

ती गेल्यावर तू जे केलंस ते मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आम्हाला मूलबाळ नाही. घर असं झालं होतं की भांडं पडलं तरी कुणी काय पडलं म्हणून विचारणारं नाही. लोक येत, देवाची मर्जी म्हणत, चहा पिऊन जात. तू मात्र आलास, तुराटीची काडी चुलीत पेटवलीस, दोन चिरूट शिलगावलेस आणि म्हणालास, "राख बघू." बस्स. तेव्हापासून आपला डाव सुरू झाला. ज्याची राख आधी पडेल त्यानं उठायचं, दोघांना पाणी आणायचं आणि मग बैठक मोडायची. बोललं की राख हलते, म्हणून बोलायचं नाही. जगातला सगळ्यात बरा खेळ तो, शंकरसिंग. कुणाच्या दुःखाबद्दल विचारायला नको आणि सांगायलाही नको. दोन म्हातारे नाकासमोर चिरूट धरून बसलेत आणि राख बोटभर वाढून राहिली आहे. रस्त्यानं जाणारा माणूस आपल्याला येडे म्हणायचा. आणि मग एकाची पडली की दुसरा केवढ्यानं ओरडायचा, "पडली!" तुझा आवाज मारुतीच्या पारापर्यंत ऐकू जायचा.

तू गेल्यावर मी नवा गडी शोधला, तेही ऐकून घे. आपला दगडोबा, मेंढरंवाला. पावसाआधी त्याची मेंढरं आपल्या रानात बसली होती. म्हटलं, माणूस बरा आहे, तासन्‌तास गप बसायची सवय आहे, डावाला लागतं ते हेच. त्याला ओसरीवर बसवला, त्रिचनापल्लीचा एक उत्तम चिरूट काढला, कानाशी फिरवून, टोक कापून हातात दिला. मी माझा पेटवायला वळलो तेवढ्यात पठ्ठ्यानं काय करावं? चिरूट तळहातावर चुरला आणि चिलमीत भरला! दोन झुरके मारले, खोकला आणि म्हणाला, "धूर झ्याक हाय मालक, पन लवकर सरला." हसावं का रडावं कळेना. त्याला दम भरला असता, पण त्यानं इतक्या मायेनं माझ्याकडे पाहिलं की मी नुसती राखदाणी त्याच्यापुढे सरकवली. मग तो मेंढरं घेऊन उठला. त्याचा काय दोष? त्याला त्याचं घर आहे, बायको आहे, वाट पाहणारी लेकरं आहेत.

मग एका संध्याकाळी एकट्यानंच डाव मांडला. तुझ्या जागी तुझा पाट टाकला. ब्रह्मदेशचा चिरूट होता, आपण दिवाळीला ओढायचे तसला. वारा नव्हता. राख वाढत गेली, पांढरी, घट्ट, कधी नव्हे इतकी लांब. तू असतास तर जळून खाक झाला असतास. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. आणि मग ती पडली. धोतरावर पडली. कुणी ओरडलं नाही. मी वाट पाहिली, खरंच पाहिली, आणि मग मीच मोठ्यानं म्हणालो, "पडली." माझ्याच आवाजाला मी दचकलो, कारण दिवसभरात मी तोंडच उघडलं नव्हतं. चतुराबाई भाकरी करून ठेवते नि जाते, ती माझ्याशी काय बोलणार? उठून मीच पाणी आणलं. सवयीनं दोन तांबे आणले.

तुझ्या जायच्या आधीच्या दिवसांत मी रोज हरत होतो, आठवतं? तू म्हणायचास, व्यंकटराव म्हातारा झाला, हात कापतो. माझा हात कापत नव्हता, मूर्खा. तुझे गुडघे उठताना वाजायचे आणि तू दात आवळून खांबाला धरायचास. मग मीच बोटानं हळूच टिचकी मारायचो. तुला वाटतं पाटलाच्या पोराला चिरूट धरता येत नाही? आता कळलं तर फुगू नकोस.

हे पत्र रागानं सुरू केलं, पण रागासाठी लिहिलेलं नाही. त्या संध्याकाळनंतर मी चिरूट पेटवलेला नाही. माझ्या छातीला काही झालेलं नाही, डाग्दर नाही, काही नाही. नुसता काढतो, कानाशी फिरवतो, अडकित्त्यानं टोकसुद्धा कापत नाही, हातात धरून अंधार पडेपर्यंत बसतो. वास तेवढाच येतो. मला एकटं वाटतं, शंकरसिंग. हे लिहायची लाज वाटत होती म्हणून इतकं पेटीपुराण लावलं. जिवनबाईला हे पत्र वाचून दाखव. तिला सांग, व्यंकटकाका शपथ घेऊन सांगतो, घरात काडी ओढली जाणार नाही. हिंगोलीच्या ठेसनावर दसऱ्याच्या आदल्या दिवशी छकडा उभा राहील. तू उतरला नाहीस तर दुसऱ्या दिवशीही राहील. तू त्रिचनापल्लीचा घे, मी मंजुळेचा कडुलिंबाचा घेतो. न पेटवता बसू. राख पडायची नाही, आणि कुणालाच आधी उठावं लागायचं नाही.

तुझाच,
व्यंकटराव