पुढचं मॉडेल येईपर्यंत

देवपूर, धुळे
सोमवार, १८ नोव्हेंबर १९९६

तीर्थरूप आबा आणि आईस,
कुंदाचा नमस्कार.

मी मजेत आहे. पहूरहून निघताना आईने दिलेला शेवेचा डबा प्रमिलामावशीने दोन दिवसांत रिकामा केला आणि वर 'मीठ जरा जास्तच पडलंय' असंही म्हणाली. कापूस वेचायला बाया मिळाल्या का ते कळवा.

मोठी बातमी म्हणजे क्लाससाठी नवा कॉम्प्युटर घेतला. पेंटियम! दोन मशीन असताना तिसरं कशाला, असं तुम्ही म्हणाल. आबा, ती दोन्ही जुनी ३८६ आहेत. त्यांच्यावर विंडोज ९५ चालवायचं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला ट्रॅक्टरची ट्रॉली जुंपण्यातला प्रकार. हल्ली नोकरीच्या जाहिरातीत सगळे विंडोजच मागतात. दिवाळीआधी माझ्या निम्म्या मुली गल्ली नंबर चारमधल्या क्लासला गेल्या. आणखी एक बॅच गेली असती तर कुलूप लावायची वेळ आली असती.

मग आधीच का नाही घेतला? कारण कौतिकराव थांब म्हणत होते. ते पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत, त्यांच्यापुढे मी काय बोलणार? चौऱ्याण्णव साली मी ४८६ घ्यायला निघाले, तर म्हणाले, थांब, पेंटियम आलाय, आता ४८६ चे भाव कोसळतील. भाव उतरले, तर म्हणाले, आता ४८६ घेणं म्हणजे वेडेपणा, पेंटियमच घे, पण पुढचा जरा वेगवान येऊ दे. तो आला. मग त्याच्याही पुढचा. यंदा मी पैशांची जुळवाजुळव करून बसले, तर म्हणे, जानेवारीत चित्रं आणि आवाज झरझर चालवणारा नवा पेंटियम येतोय, आत्ता घेशील तर पस्तावशील. मासिकं वाचून ते पुढच्या दोन वर्षांचे अंदाज बांधतात. आणि आबा, पंचाईत अशी की त्यांचे अंदाज खोटे ठरत नाहीत. नवं खरंच येतं. दर वेळी येतं. त्यामुळे भांडायलाही जागा उरत नाही.

आई एव्हाना म्हणाली असेल, ही पोरगी मशीनचंच पुराण लावून बसली, मुद्द्याचं काही सांगत नाही. सांगते.

माझी आणि कौतिकरावांची सुपारी फुटून, लग्न ठरून, दोन वर्षं झाली. पहिल्या वर्षी त्यांचं प्रमोशन व्हायचं होतं. मग फ्लॅट व्हायचा होता. मग कंपनी अमेरिकेला पाठवणार होती. तुम्ही दर वेळी पत्रात विचारायचात आणि मी दर वेळी त्यांच्या वतीने तुम्हाला कारण लिहून पाठवायचे. मला वाटायचं, समजूतदार मुलीने असंच वागायचं असतं.

भाऊबीजेनंतर शिरपूरहून पुण्याला परत जाताना ते इथे उतरले. मावशीने चहा ठेवला. मी सरळ विचारलं, "आखाजीनंतरचा, मे महिन्यातला मुहूर्त धरायचा का? आबांना कळवायचंय."

"घाई काय आहे? अमेरिकेचं मार्चपर्यंत कळेल. मग सगळंच वेगळं होईल. थोडं थांबू."

मला हसूच आलं. कॉम्प्युटरबद्दल बोलताना करतात तोच चेहरा, तोच आवाज. मी चेष्टेत म्हटलं, "कौतिकराव, माझ्याहून पुढचं मॉडेल येतंय का, तेही बघताय की काय?"

आबा, ते हसले नाहीत. रागावले असते तरी चाललं असतं. ते विचारात पडले. कपातला चहा हलवत, खरंच विचार करत बसले. आणि मग म्हणाले, "तसं नाही गं, पण..."

त्या 'पण'च्या पुढे काय होतं ते मी ऐकलं नाही. ऐकायची गरजही राहिली नाही.

ते गेल्यावर मावशी ओट्याशी उभी होती. तिने सगळं ऐकलेलं. म्हणाली, "पोरी, तुले तठे जानं शे का नही, तेवढंच सांग. बाकी बठ्ठं मी देखसू."

मी म्हटलं, नाही जायचं त्या घरी. म्हटलं आणि छातीवरून पाट्याचा दगड उतरल्यासारखं वाटलं. रडू येईल म्हणून वाट पाहिली, पण भूक लागली. दोन कळण्याच्या भाकरी खाल्ल्या, ठेच्यासकट.

शनिवारी मी आणि मावशी शिरपूरला जाऊन साडी आणि अंगठी परत देऊन आलो. त्यांच्या आई, भिकुबाई, आरडाओरडा करतील या भीतीने मी एसटीत देवाचं नाव घेत होते. त्यांनी अंगठी पदरात बांधली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "चांगलं करं माय. त्याले कोनीतरी सांगाले पाहिजेच व्हतं." येताना स्टँडसमोरच्या दुकानात शिरले आणि पेंटियमची ऑर्डर देऊन टाकली. दुकानदारही म्हणाला, मॅडम, जानेवारीत नवा येतोय. मी म्हटलं, येऊ द्या, मुली माझ्याकडे आज आहेत.

तुम्हाला न विचारता केलं, हे मला कळतं. पाच माणसांत फुटलेली सुपारी आहे, पारावर चर्चा होईल, मामा तोंड फिरवतील. आईला हे वाचून दाखवताना जरा दमाने घ्या. पण खरं सांगू? या दोन वर्षांत मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

एकच मागणं आहे. तुम्ही मला जपण्यासाठी लोकांना काहीतरी गोड कारण सांगाल, मला माहीत आहे. मुलगा परदेशी जातोय, पत्रिका जुळत नव्हती, असलं काहीतरी. सांगू नका. कोणी विचारलं तर मान वर करून सांगा, आमच्या कुंदानेच मोडलं.

तुमचीच, आणि आता माझीही,
कुंदा