पाचवं शील आणि साडेनऊ टक्के

८ जून, रविवार

पुण्याची काळी स्टाउट बियर, अल्कोहोल साडेनऊ टक्के. दुपारी जेवणाआधी उघडली. वास — जळकी खारीक, तव्यावर करपलेली भाकर. तोंडात आधी काकवी, मंग कडू. घशात गरम राहते, पण ओरबाडत न्हाई. फेस लगेच बसला, तिथं मार्क कापले. दहापैकी साडेसात. बाटली मेव्हण्यानं पाठवली, विशाखाच्या भावानं, आनंदराजनं. पुण्याहून तोच पाठवत असतो.

मोबाईलवर बियरच्या ॲपवर लिहून टाकलं, नेहमीच्या ‘लातूरची जीभ’ नावानं. खाली लगेच एकाचं — भाऊ, चढते का? या प्रश्नाचा मला लई संताप येतो. चढवायचीच असेल तर कोपऱ्यावर दुकान हाय की! मी एक ग्लास पितो, चव बघतो, लिहितो, संपलं. आठवडाभर लॅबमध्ये नळाचं पाणी तपासायचं. त्याला चव नसावी हेच बघायचं. रविवारी तरी तोंडाला काही पाहिजे.

१५ जून

सकाळी विहारात वंदना. सोनकांबळे गुरुजी पुढून एकेक शील म्हणतात, मागून आपण म्हणायचं, म्हणजे ते घेतलं. मी चार घेतो. पाचवं आलं — दारूपासून लांब राहण्याचं — की तोंड मिटतो. जे पाळायचं न्हाई ते हात जोडून बोलायचं कशाला?

आई बायांच्या पहिल्या रांगेत असते. तिला सगळं माहीत हाय. फ्रीजमधल्या बाटल्या सरकवून कोथिंबीर ठेवते. एकदा मावशीनं टोचलं तिला, “पंचफुला, तुझा संघपाल पितो म्हणं.” आई म्हणाली, “पितो. पण खोटं शील घेत न्हाई.” पुन्हा कुणी विषय काढला न्हाई. आमच्या घरात माझं आणि आईचं या एका वाक्यावर भागतं.

१९ जून

ट्रिपल बियर, नऊ टक्के. लवंग, पिकलेलं केळ. गोड जास्त, दुसऱ्या घोटाला कंटाळा. सहा.

२३ जून

लॅबमध्ये असतानाच पुण्याहून फोन. आरती नावाच्या बाई, स्वतः बियर बनवतात; नंबर आनंदराजनं दिला म्हणं. ऑगस्टात कडक बियरची स्पर्धा हाय, परीक्षक म्हणून येता का? “तुमची करपलेली भाकर वाचून आमच्याकडं सगळे हसले, पण तुमचंच बरोबर होतं,” म्हणाल्या. एक अट — खरं नाव आणि फोटो छापणार.

हाव म्हणलो. विचारसुद्धा केला न्हाई. एवढा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा कुणीतरी माझ्या जिभेला काम दिलं.

२९ जून

वंदना झाल्यावर गुरुजींनी थांबवलं. घशाचं ऑपरेशन ठरलंय, नंतर बोलायचं न्हाई अशी डॉक्टरची ताकीद. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. तीन महिने रोज संध्याकाळी वंदना, ग्रंथवाचन. “संघपालराव, पुढं तुम्ही बसा. पाली तुमचीच स्वच्छ हाय.”

मी म्हणणार होतो, दुसरं कुणी बघा. पण आईकडं बघितलं. तिनं पदर सारखा केला, मान ताठ केली आणि शेजारच्या बाईकडं एकदा बघून घेतलं. त्या चेहऱ्यापुढं मला न्हाई म्हणता आलं न्हाई.

३० जून

विशाखा कणीक मळता मळता — “पुढं बसणाऱ्याला गप राहता येत न्हाई. पाचवं तुम्हीच द्यायचं हाय लोकांना. पुण्याला न्हाई म्हणा, न्हाईतर गुरुजींना.”

मला हे सुचलं नव्हतं असं न्हाई. वर्षावासापुरतं बरेच जण सोडतात. मीही सोडलं असतं, खुशाल. पण स्पर्धा नेमकी मधोमध ऑगस्टात!

४ जुलै

बसून नीट विचार केला. शील बेहोशीबद्दल हाय. मी बेहोश कुठं होतो? परीक्षक तर घोटभरच घेतात. चव बघणं म्हणजे पिणं न्हाई. विशाखाला हे सगळं ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग इतके दिवस गप का बसत होतात?”

डोकं फिरलं माझं. उठून गच्चीवर गेलो, टाकीचं झाकण काढून उगीच पाणी बघितलं.

७ जुलै

पुण्याला फोटो पाठवून दिला. लॅबच्या दारातला, पांढऱ्या कोटातला.

ऑफिसातून आल्यावर डबल आयपीए, कडू बियर, उघडली. मोसंबीची साल, कडुनिंब. पुढचं कळेना. जीभ ठिकाणावर न्हाई. मार्क दिले न्हाईत, बाकीची ओतून दिली.

१० जुलै, आषाढ पौर्णिमा

झालं एकदाचं. विहार भरला होता. गुरुजी गळ्याला मफलर गुंडाळून कडेला खुर्चीत. मी पुढं, मूर्तीकडं तोंड करून. त्रिसरण दिलं, मंग शीलं. चौथं झालं. क्षणभर थांबलो. मागं सगळे थांबले.

म्हणलं मी पाचवं. स्वच्छ म्हणलं, आवाज कापला न्हाई. मागून विहार घुमला. गुरुजींनी पाठीवर हात ठेवला, बोलता येत न्हाई म्हणून नुसती मान हलवली. खीर वाटली, लोक जयभीम करून जात होते आणि मला जरा जास्तच वाकून करत होते.

आई आणि विशाखा मागून चालत आल्या. मी आपला एकटाच पुढं, हलका झालेला. उगीच एवढा घाबरलो. दोन्ही जमतंय की. पुण्याचं तिकीट उद्या काढतो.

११ जुलै

सकाळी आईनं चहा आणून दिला. जायला वळली, मंग थांबली. “काल मी चारच घेतली,” म्हणाली. “तुझ्या तोंडून पाचवं घेववलं न्हाई.”