काचेच्या मळ्यात पानवेल

३ सप्टेंबर २०१२
सोलच्या विमानतळावरून बसने पोहोचले. खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून डोंगर. विमानात रडले, ते घरी सांगायचं नाही. रूममेट मिन्‌जी, माझ्याच लॅबची; वहीत तिला नुसतं मि. लिहीन. तिचा पहिला प्रश्न, जेवलीस का? अकोल्याच्या होस्टेलवर पहिल्या दिवशी मला विचारलं होतं, ही बादली कोणाची?

लाइट जातच नाही. मी वाट पाहून दमले.

५ सप्टेंबर
प्रो. ह्वांग यांना भेटले. साठीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र फौजदाराचा. एक्स्चेंजचं हे एक सेमिस्टर त्या माझं काम पाहणार. पुढे दोन वर्षांच्या एम.एस्सी.साठी त्यांच्याकडे एकच जागा, ती कोणाला ते डिसेंबरात ठरवणार. इथे टरबुजाचा शेंडा भोपळ्याच्या मुळावर बांधतात. भोपळ्याचं मूळ दणकट, कुजत नाही.

मी सांगितलं, आमच्या अंजनगावला पानाची वेल मुळातून कुजते. दोन्ही काकांनी पानमळे मोडून सोयाबीन पेरलं. बाबांचा तेवढा उरलाय. पानवेलीला दुसरं मूळ देता येईल का, हे मला शिकायचंय. त्यांनी विचारलं, आजवर कोणी केलंय? म्हटलं, माहीत नाही. म्हणाल्या, हे बरं उत्तर आहे.

रात्री झोप नाही. मला ती जागा पाहिजे. इतकं काही कधी पाहिजे वाटलं नव्हतं.

७ सप्टेंबर
आज काचघर पाहिलं. आपला अख्खा मळा आत मावेल, वर काच, त्यातून ऊन गाळून येतं. रोपांच्या ओळी, एकही पान मळकं नाही. ऊन वाढलं की छतावरचा पडदा आपोआप सरकतो. पडदा सरकताना मी हात जोडले म्हणे, मि. सांगत होती.

दारातच सवयीने चपला काढल्या. मळ्यात चपला घालून कोणी जातं का! तर इथेही बाहेरच्या चपला चालत नाहीत. दाराशी औषधाच्या पाण्याचा ट्रे, आतले गमबूट वेगळे. मी म्हटलं, घ्या, हे तर आपल्यातलेच निघाले. मग बाकीचे नियमही आपलेच असणार असं धरून चालले. विचारलं नाही.

१२ सप्टेंबर
मि.ने माझ्यासमोर कॉम्प्युटरवर माझा जिल्हा, अमरावती, टाइप केला, तुझं गाव बघू म्हणाली. पडद्यावर नुसते जीव दिलेल्या शेतकऱ्यांचे हार घातलेले फोटो, त्याखाली बसलेल्या बाया. तिने हळूच विचारलं, तुझे बाबा ठीक आहेत ना? मी म्हटलं, ठणठणीत आहेत, कालच शेजाऱ्याशी बांधावरून भांडले. ती हसली नाही. मग मीच शोधून तिला अंबादेवीचं देऊळ दाखवलं, चिखलदऱ्याचं धुकं दाखवलं. आपल्याकडे एवढंच नाही, हे पटवावं लागतंय याचा राग आला. कोणावर ते कळेना.

१९ सप्टेंबर
घरी गणपती बसले असतील. मला अडचण आली. काचघरात गेले नाही, पोट दुखतं म्हणाले. मळ्यात त्या चार दिवसांत आमच्या घरची बाई पाय ठेवत नाही. सावली पडली तरी वेल जळते म्हणतात. आई, आजी, आत्या, सगळ्या मळ्याच्या कुडाबाहेर बसून पानं मोजायच्या. मी बी.एस्सी. ॲग्री झाले, तरी बाहेरच बसले.

दुपारी मि. पोटाला गरम पिशवी बांधून काचघरात निघाली. म्हणाली, मलाही आजच आलीये. आणि गेली आत, तशीच. मी काचेतून बघत होते. रोपांना हात लावला, पाणी दिलं, गाणं गुणगुणली.

२१ सप्टेंबर
मि.ने हात लावलेली रोपं पाहिली. तरारलीत.

३० सप्टेंबर
इथला मोठा सण. सगळे गावी गेले. प्रो. ह्वांग यांनी घरी बोलावलं. टेबलावर पूर्वजांसाठी फळं, भात, मासे मांडलेले, मग सगळे जमिनीपर्यंत वाकले. आपला पितृपक्षही आजपासूनच लागतो. समुद्रापलीकडे त्याच पौर्णिमेला यांचेही पितर जेवायला येतात. घास हातातच राहिला. प्रोफेसर म्हणाल्या, खा, ते जेवून गेलेत.

१७ ऑक्टोबर
आजचं लिहावंसं वाटत नाही.

कलम बांधलेली रोपं काही दिवस अंधाऱ्या, दमट पेटीत ठेवतात, बाळंतिणीसारखी. त्या पेटीचं पाणी आज माझ्याकडे होतं. मि.ची परीक्षा, प्रोफेसर सोलला. आणि सकाळीच अडचण. वाफेच्या यंत्राची टाकी संध्याकाळपर्यंत पुरेल असं वाटलं होतं. दुपारी काचेतून पाहिलं तर दमटपणाचा काटा खाली चाललेला. दार उघडं, टाकी समोर. पाय उचलेना. रखवालदाराला खुणा करून बोलावलं, तो माझ्याकडे बघून मान डोलावत राहिला, त्याला वाटलं मी काचघराचं कौतुक करतेय. मि. परीक्षेहून आली तोवर सगळ्या माना पडल्या होत्या.

कालच घट बसले. देवीचेच दिवस, आणि मी बाहेर उभी.

१८ ऑक्टोबर
प्रो. : तू बाहेर उभी होतीस असं रखवालदार म्हणतो. खरं?
मी : हो.
प्रो. : आत का नाही गेलीस?
मी : पोट दुखत होतं.
प्रो. : ज्या पोटाने बाहेर उभं राहता येतं, त्या पोटाने आत जाता येतं. झाड रजा घेत नाही. ज्याला रोज येता येत नाही, त्याला मी ठेवू शकत नाही.

ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जागा गेली बहुतेक.

२० ऑक्टोबर
आईला फोन. सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, बरं केलंस बाई म्हणेल.
"काहून गेली नाहीस वं?"
"अगं, अडचण होती ना."
"मंग? टरबुजाले कोनी सांगतलं? पानवेल सोवळी असते, टरबूज काय सोवळं हाये? ते तं कुठंबी लोळते."
मी हसले, मग रडू आलं. आई म्हणाली, "रडून नको राहू. जा अन् त्या मॅडमले खरं सांग. खोटं बोलाले एवढ्या दूर धाडलं काय तुले?"
"आणि पानवेल असती तर?"
तिने आधी जेवलीस का विचारलं. मग म्हणाली, "तिथं कुठं असनार हाये पानवेल."

२२ ऑक्टोबर
खरं सांगितलं. इंग्रजीत तो शब्द उच्चारताना कान तापले. वाटलं हसतील, नाहीतर कीव करतील. यापैकी काही नाही.

म्हणाल्या, माझी आई सोयाबीनच्या आंबवलेल्या वाटणाची मडकी अंगणात ठेवायची. त्यांना गवताचा दोर बांधायची. दोर बांधला की अडचणीतल्या बाईने जवळ यायचं नाही, नाहीतर वाटण नासतं. मी चौदा वर्षांची असताना मुद्दाम हात घातला.
मी विचारलं, मग?
आईने मला झोडपलं.
आणि मडकं?
ते तिने लगेच ओतून दिलं. नासलं असतं की नाही, ते आजपर्यंत मला माहीत नाही.

एवढं बोलून कागदपत्रं आवरायला लागल्या. मी निघताना म्हणाल्या, मेलेली सगळी कलमं पुन्हा बांधायची, उद्या आठला. मी जिन्यावर बसून राहिले. एवढी मोठी बाई आणि अजून त्या मडक्यापाशीच उभी आहे. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

२ नोव्हेंबर
आई हरली. पानवेल आली.

कुठल्याशा वनस्पती-उद्यानाच्या उष्ण घरातून प्रोफेसरांनी वेलीचे तुकडे मागवले. खोकं उघडलं आणि वास आला. थेट आपल्या मळ्याचा, पाणी दिल्यावरचा. मी तोंड फिरवलं. मि.ने एक पान चावून पाहिलं आणि थुंकायला धावली. सोबत मिरीच्या जातीची एक रानवेलही आलीये, जिचं मूळ कुजत नाही. तिच्यावर पानवेल बांधायची. बांधणार मी. प्रोफेसर म्हणाल्या, तुझ्या डिसेंबरचं यावर ठरेल.

११ नोव्हेंबर
तुकडे रुजलेत, छान फुटलेत. रानवेलीचं खोड जाडीला बरोबर जुळतंय. बुधवारी बांधायचं ठरलं. रोज टरबुजावर हात बसवतेय. हिशेब माझ्या लक्षात आलाय, पण लिहीत नाही. दोन दिवस मागेपुढे होतंच की.

१४ नोव्हेंबर
मागेपुढे झालं नाही. आज पाडवा, पहाटेच आली.

काचघराच्या दाराशी खूप वेळ उभी होते. प्रोफेसरांना सांगितलं असतं तर शुक्रवारवर ढकललं असतं, कदाचित. पण खोड आज कोवळं आहे, तेव्हा जून झालं असतं. आणि शुक्रवारी तरी काय, चार दिवस कुठे संपतात? हे टरबूज नव्हे. ही तीच वेल, जिच्यासाठी आई भर पावसात कुडाबाहेर पोतं पांघरून बसायची.

गेले आत.

बूट घातले, हात धुतले, पातं पुसलं. मनात म्हटलं, माय, माफ कर, आणि कापलं. वेलीला तिरपा छेद, रानवेलीला तसाच. दोन्ही ओले, दोन्ही हिरवे. टेकवले तर जागच्या जागी बसले, सांधा दिसेना. चिमटा लावला. हात कधी नव्हे इतके स्थिर. अशी शांतता मी देवळातसुद्धा अनुभवली नाही. वेल माझ्या हातात होती आणि मी तशी होते, आणि छतावरचा पडदा नेहमीसारखा सरकला.

सगळी कलमं बांधून पेटीत ठेवली. टाकी काठोकाठ भरली. मग भीती वाटली, ती अजून वाटतेय.

१८ नोव्हेंबर
बाबांना फोन केला. आईला नाही, बाबांना. मळा त्यांचा आहे. फराळाचं, कापसाचं बोलून झालं, मग म्हटलं, पानवेल बांधली मी, दुसऱ्या मुळावर.
"वा रे पठ्ठे. लागली?"
"तीन आठवड्यांनी कळेल. बाबा, बांधली तेव्हा मी बाहेरची होते."
पलीकडे खाट करकरली.
"हे तुह्या मायले सांगतलं?"
"नाही."
"मंग मले काहून सांगतलं?"
"मेली तर तुम्ही मला विचाराल का मेली. तेव्हा लपवायला नको."
"अन् जगली तं?"
मी बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "मायी माय सांगे, अन् आपन ऐकलं. मी काई करून पाहिलं नाई बाई." मग म्हणाले, पाणी सोडायला जायचंय, लाइट आली. रागावले की नाही ते समजलं नाही.

५ डिसेंबर
बर्फ. सकाळी खिडकी उघडली तर डोंगरच नाही. मि. मला ओढत खाली घेऊन गेली. तळहातावर घेतला, बघेपर्यंत पाणी. एवढं मोठं काही इतकं आवाज न करता पडतं. काचघराचं छप्पर पांढरं, आत दिवे लागलेले, आणि आत कुठेतरी माझी पेटी.

कलमं बांधली तेव्हापासून प्रोफेसर पेटीत बघू देत नाहीत. उघडझाप केली की दगा होतो म्हणाल्या. मि. म्हणते, सगळी लॅब पैज लावून बसलीये.

९ डिसेंबर
उद्या आठ वाजता पेटी उघडायची.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. स्वतःहून पहिल्यांदा. आईही शेजारीच होती, तिला सांगितलेलं दिसलं. बाबा म्हणाले, "उद्या पाह्यलं की लगेच सांगजो. आमी दोघंबी घरीच हाओत." मागून आई म्हणाली, "अन् खरं सांगजो. काई झालं तरी."

म्हटलं, सांगते.

मेली तर जागा जाईल, आणि घरी कोणी काही बोलणार नाही, पण सगळ्यांना कारण माहीत असेल. मलाही तेच वाटेल, कितीही शिकले तरी. जगली तर आई एवढी वर्षं कुडाबाहेर उगाच बसली. आजीही, तिची सासूही. हे आईला फोनवर मीच सांगायचं, उद्या आठनंतर, आणि तिने ते ऐकायचं. मला जगलेलीच पाहिजे. पण आईचा विचार आला की तेही धड मागता येत नाही.